कव्हरवर पेनने नाव लिहिलेले आहे

(1996 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांचा फोन आला, की तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर पंधरा मिनिटं बोल. मी म्हटलं, त्यावर मी सोमवार ते शुक्रवार ऐकते आणि बोलते, सांगलीला येऊनही तेच नको. त्यापेक्षा शनिवार-रविवारी जो उद्योग करते त्याबद्दल बोलू का? ते म्हणाले, बोल. तर मी जुन्या रेकॉर्डी विकते. ऑनलाइन.

आमचे बाबा तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असतील. गॅदरिंगच्या नाचांना गाणी वाजवायला शाळा आमच्याकडून रेकॉर्ड प्लेअर न्यायची, सोबत बाबाही यायचे, कारण सुई दुसऱ्या कुणी ठेवलेली त्यांना चालायची नाही. परत जाताना दरवर्षी एखादी रेकॉर्ड कमी भरायची. त्या कुणाकडे आहेत याचा मला अंदाज आहे, पण आज गुरुजनांसमोर तो विषय काढत नाही.

बाबा 2018 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्याकडे महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, ते तुम्हाला मी सांगायला नको. आमच्या घरात पाणी कपाटाच्या खालच्या दोन खणांपर्यंत होतं. पाणी उतरल्यावर मी आणि आई चिखलातून रेकॉर्डी काढत होतो. एलपी विनाइलची असते, तिला पाण्याने फारसं काही होत नाही, धुतली की वाजते. पण कव्हर पुठ्ठ्याचं. त्याचा लगदा होतो आणि दोन कव्हरं एकमेकांना चिकटली की सोडवता येत नाहीत. मधल्या लेबलचा कागदही सुटून येतो. आमच्याकडे आजही अशा सतरा रेकॉर्डी आहेत ज्यांच्यावर काय आहे हे लावून ऐकल्याशिवाय कळत नाही.

नंतर घर विकलं, आई पुण्याला माझ्याकडे आली. तिच्याबरोबर सव्वातीनशे एलपी आणि ईपी, साठेक 78 च्या जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटच्या दोन ट्रंका आल्या. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. हॉलमधला सोफा काढावा लागला. वर्षभर आम्ही खुर्च्यांवर बसलो आणि मग 2021 मध्ये मी ठरवलं, की ठेवायच्या त्या ठेवू, बाकीच्या ज्यांना हव्यात त्यांच्याकडे जाऊ देत.

विकायचं म्हणजे फोटो टाकायचा आणि किंमत लिहायची, असं मला वाटलं होतं. या धंद्यात आधी रेकॉर्डची प्रत ठरवावी लागते. मिंट, नियर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशा जगभर चालणाऱ्या पायऱ्या आहेत. आपल्या वहीवर बाईंनी लाल शाईने 'गुड' लिहिलं तर आपण घरी नाचत जायचो. इथे 'गुड' याचा अर्थ गाणं ऐकू येईल, पण मागे कुणीतरी भजी तळतंय असंही वाटेल. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून प्रत्येक चरा बघायचा, तो नखाला लागतो का ते बघायचं आणि जे असेल ते लिहायचं. कव्हरचेही दोष लिहायचे: कड उसवलेली, कोपरा दबलेला, पाण्याचा डाग. आणि कव्हरवर पेनने काही लिहिलेलं असेल तर तोही दोषच. त्याने किंमत उतरते.

बाबांनी प्रत्येक कव्हरच्या मागे उजव्या कोपऱ्यात नाव, तारीख आणि कुठून घेतली ते लिहिलेलं होतं. निळ्या शाईत, बारीक, टपोऱ्या अक्षरात. म्हणजे प्रत्येक रेकॉर्डच्या माहितीत मला टाइप करावं लागलं, 'दोष: कव्हरवर पेनने नाव लिहिलेले आहे.' पहिल्या दहा-बारा वेळा जड गेलं. मग मी ते वाक्य कॉपी-पेस्ट करायला लागले. आपल्या व्यवसायाचे हे फायदे असतात.

आता एक कबुली. 78 च्या रेकॉर्डींवर बुरशी आली होती. मी पुण्याहून आणलेलं स्पिरिट कापसावर घेतलं आणि एक रेकॉर्ड पुसली. कापूस काळा झाला. मला वाटलं, किती ही घाण! दुसऱ्यांदा पुसली, अजून काळा. रेकॉर्डची चकाकी गेली आणि वाजवली तर नुसती खरखर. 78 च्या रेकॉर्डी विनाइलच्या नसतात, त्यात लाख असते, म्हणजे चपडा. आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळतो. हे मला कुठे शिकवलं होतं? याच शाळेत, नववीच्या कार्यानुभवाच्या तासाला. स्टुलाला पॉलिश करायला आपण सगळ्यांनी चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातला होता. सर, मला त्या विषयात अ श्रेणी होती.

ती मेलेली रेकॉर्ड मी टाकून दिली नाही, आणि पुढे तिचा उपयोग झाला.

78 ची पहिली ऑर्डर धारवाडहून आली, एका निवृत्त शिक्षकांची. त्यांना बालगंधर्वांच्या नाट्यपदाची रेकॉर्ड हवी होती. बालगंधर्व आपल्या जिल्ह्यातले, नागठाण्याचे, म्हणून मी जरा ऐटीतच पॅक केली. बबल रॅप गुंडाळला, एक पुठ्ठा लावला, शर्टाच्या खोक्यात घातली आणि वर लाल अक्षरात 'नाजूक वस्तू' लिहिलं. पाच दिवसांनी त्यांचा मेसेज आला, की रेकॉर्डचे तीन तुकडे झाले आहेत.

मी काय उत्तर पाठवलं असेल? 'काका, इथून नीट निघाली होती, कुरिअरवाल्यांनी आपटली असणार, मी तक्रार टाकते.' इथे जे जे सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते हसतायत, कारण 'माझ्या मशीनवर चालतंय' हे वाक्य आपण सगळ्यांनी म्हटलेलं आहे. काकांनी वाद घातला नाही. फक्त खोक्याचे चारही बाजूंचे फोटो पाठवले. खोक्याला एक पोचासुद्धा नव्हता. कुरिअरवाल्याने ते नीटच नेलं होतं. आत रेकॉर्ड सैल होती, हलत होती, आणि पुठ्ठा एकच असल्यामुळे वाकत होती. लाखेची रेकॉर्ड वाकत नाही, मोडते. चूक माझी होती आणि मी ती एका अनोळखी माणसाच्या डोक्यावर टाकून मोकळी झाले होते. त्याहून वाईट म्हणजे तसल्या रेकॉर्डी पुन्हा कुणी तयार करणार नाही. आपल्याकडे त्या 1960 च्या दशकापर्यंत निघत होत्या, त्यानंतर ज्या उरल्या त्या उरल्या. सत्तर-ऐंशी वर्षं, एक महापूर धरून, टिकलेली वस्तू मी शर्टाच्या खोक्यात घालून मोडली होती.

त्यांचे पैसे परत केले, माफी मागितली. आणि पुढच्या रविवारी ती स्पिरिटने मेलेली रेकॉर्ड काढून वेगवेगळ्या प्रकारे पॅक केली आणि ओट्यावरून खाली टाकून बघायला लागले. आईला आधी वाटलं मला वेड लागलं. मग ती म्हणाली, "अगं, रविवारची दुपार आहे, खालचे झोपलेत, सतरंजीवर तरी टाक." मी म्हटलं, कुरिअरच्या गोडाऊनमध्ये सतरंजी नसते. दुसऱ्या पद्धतीत कड उडाली. तिसऱ्या पद्धतीत दहा वेळा टाकूनही काही झालं नाही. तेव्हापासून तीच पद्धत: रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना फोमचा पातळ थर, त्यावर दोन्हीकडे कोरुगेटेड पुठ्ठ्याचे दोन-दोन चौकोन, एकाच्या नळ्या उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे कुठूनच वाकत नाही. हे सगळं चारही कडांनी घट्ट चिकटवायचं, आत काही हललं नाही पाहिजे. मग एक खोकं, आणि कडांना दोन बोटं जागा सोडून बाहेरून दुसरं. एलपी असेल तर ती कव्हरातून काढून कव्हरच्या मागे ठेवायची. आत ठेवली तर धक्क्याने तीच कव्हर फाडून बाहेर येते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाकडे एलपी पाठवायची नाही. उन्हात उभ्या गाडीत ती पापडासारखी होते.

एवढं केलं की कुरिअरचा हिशेब सुरू होतो. खोकं 34 सेंटिमीटर लांब, तेवढंच रुंद, 6 उंच. वजन साडेसहाशे ग्रॅम. पण खासगी कुरिअर लांबी, रुंदी, उंची यांच्या गुणाकाराला 5000 ने भागतात आणि येईल ते किलो धरतात. ते येतं 1.39, म्हणजे दीड किलोचे पैसे. बहुतेक माझ्या पुठ्ठ्यात अडकलेल्या हवेचे. तीनशे रुपयांच्या ईपीला दीडशे रुपये पाठवणी सांगितली की गिऱ्हाईक म्हणतं, "मॅडम, साधं पाठवा ना." साधं म्हणजे काय ते मला आता माहीत होतं, म्हणून मी नाही म्हणायला शिकले. बऱ्याच ऑर्डरी तिथेच गेल्या.

पत्ते हा वेगळाच प्रकार. 'मारुती मंदिराच्या मागे, पिंपळाजवळ.' कुठला मारुती? पिनकोड मात्र नीट असला की पार्सल निदान त्या पोस्टापर्यंत जातंच. ही सहा आकड्यांची पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली आणि ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. आपला मराठी माणूस, संस्कृतचे कवी आणि नाटककार. एकाच नावाची गावं आणि चुकीचे पत्ते यांवर त्यांनी काढलेला तो तोडगा. मी तर त्याला आपल्या देशातला उत्तम डेटाबेस डिझाइनचा नमुना म्हणते.

पत्ते लिहायचं काम आईकडे आहे. प्रिंटरचं लेबल पावसात पुसलं गेलं आणि एक पार्सल वीस दिवस फिरून परत आलं, तेव्हापासून ती मार्करने लिहिते आणि वरून पारदर्शक टेप लावते. तिचं अक्षर बाबांपेक्षा सुंदर आहे. हे मला त्या मार्करमुळे कळलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी.

मी समजत होते, की रेकॉर्डी जाताना तिला वाईट वाटत असणार. म्हणून प्रत्येक वेळी विचारायचे, "आई, ही देऊ ना?" एकदा एक ईपी विकली गेली. मागे बाबांच्या अक्षरात 1979 ची तारीख आणि 'कोल्हापूर'. माझ्याच्याने ती पॅक होईना. मी म्हटलं, ही राहू दे, ऑर्डर रद्द करते. आईने ती हातात घेतली, उलटी करून तारीख वाचली आणि म्हणाली, "ही तर आधी पाठव. ही आणि हिच्याबरोबरच्या चार. शिलाई मशीनसाठी साठवलेले पैसे होते माझे. मशीन पुढे वर्षभराने आलं." पुढे ती एक शब्द बोलली नाही. मार्कर घेऊन पत्ता लिहायला बसली. मी बाबांच्या अक्षरात अडकले होते. त्या सव्वातीनशे तारखांना घरात काय काय लांबणीवर पडलं होतं हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून विक्रीचे पैसे तिच्या खात्यात जातात आणि ती ते कशावर खर्च करते हे मी विचारत नाही.

ती ईपी नागपूरच्या एका मुलीने घेतली होती, वय असेल चोवीस-पंचवीस. डिसेंबर होता, म्हणून पाठवली. तिने निरोप दिला होता, "कव्हरवरचं नाव खोडू नका हं, मला असंच आवडतं." मी तो आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "तिला काय जातंय."

धारवाडच्या काकांचं राहिलं. दीड वर्षाने तळाच्या ट्रंकेत कॅसेटखाली बालगंधर्वांची आणखी एक 78 सापडली. पद दुसरं होतं, पण मी त्यांना फोटो पाठवला आणि माझी नवी पॅकिंगची पद्धत पानभर समजावून सांगितली. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: कुरिअर नको, मुलीकडे पुण्याला येतोय. आले ते स्वतः करवून घेतलेली लाकडी पेटी घेऊन, आत मखमल लावलेली. पोहे खाल्ले, रेकॉर्ड दोनदा ऐकली. पैसे मी नको म्हणत होते, ते त्यांनी आईच्या हातात दिले. आणि पेटी मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

साडेतीन वर्षांत दोनशे दहा रेकॉर्डी गेल्या. त्यात त्या पहिल्या एका पार्सलसकट मोडल्या चार, आणि त्या चारही माझ्या हिशेबात लिहिल्या आहेत. सोफा परत आलाय. कॅसेटना मात्र गिऱ्हाईक नाही. बऱ्याच फितींवर पांढरी बुरशी आहे आणि काहींच्या आतली स्पंजची गादी पडली आहे. त्या दोन ट्रंका मी आज गाडीत घालून आणल्यात, मागच्या दारापाशी ठेवल्यात. जेवण झाल्यावर ज्याला जी हवी ती घ्या, फुकट आहेत. गॅदरिंगमधल्या रेकॉर्डी ज्यांच्याकडे राहिल्या आहेत त्यांनी दोन जास्त घेतल्या तरी चालतील. पण इथूनच न्या. कुणाला काहीही पाठवणार नाही.