औषध एक, प्रकृती अनेक

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ असे आपण सहज बोलून जातो. कोणाला आंबा बाधतो, कोणाला दूध पचत नाही. एकाच पंक्तीला बसलेल्या दहाजणांचे दहा प्रकार असतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण औषधाची गोष्ट निघाली, की हे शहाणपण आपण उंबऱ्याबाहेर ठेवतो. शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला, तीच आपणही मागून आणतो. आज बोलायचे आहे ते याविषयी. मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात इतिहास शिकवतो. तेव्हा सांगणार आहे तीही एका शोधाची हकीकतच.

आरंभ घरापासून करतो. मी शाळेत असताना माझ्या मामाला हिवताप आला. रक्त तपासले, गोळ्या मिळाल्या. ताप उतरला, पण तीन-चार दिवसांत लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली, डोळे पिवळे पडले, चार पावले चालताच धाप लागू लागली. कोणी म्हणे कावीळ, कोणी म्हणे बाहेरचे काही. आजी मात्र म्हणाली, “माझ्या भावालाही असंच झालं होतं. आमच्या माहेरच्या पुरुषांना ही कडू गोळी मानवत नाही.” तिचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. गोळ्या थांबवून मामाला तालुक्याला नेले, म्हणून तो वाचला. पुढे त्याच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा कळले की म्हातारी अगदी खरे बोलत होती.

ती गोळी होती प्रायमाक्वीनची. हिवतापाच्या व्हायव्हॅक्स नावाच्या प्रकारात ताप गेला, तरी काही जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यांना तिथून हुसकण्यासाठी आपल्याकडे ही गोळी चौदा दिवस देतात. औषध चांगले आहे, आवश्यक आहे. मग ते मामावर का उलटले?

याचे उत्तर अमेरिकेत सापडले. १९५० नंतरच्या कोरियन युद्धातून परतणाऱ्या सैनिकांना ही गोळी देत असत. बहुतेकांना काही झाले नाही. काहींचे, विशेषतः कृष्णवर्णीय सैनिकांपैकी काहींचे, रक्त मात्र झपाट्याने कमी झाले. दोष गोळीचा की माणसाचा, हे शोधण्यासाठी इलिनॉय राज्यातल्या एका तुरुंगात कैद्यांवर प्रयोग झाले. कैद्यांवरचे असे प्रयोग आज कोणी मान्य करणार नाही. पण त्यातून जे कळले ते मोलाचे होते. ज्याला गोळी सोसत नाही त्याच्या तांबड्या पेशी खूण करून निरोगी माणसाच्या अंगात घातल्या आणि त्याला गोळी दिली. त्या परक्या पेशी फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. म्हणजे उणीव त्या पेशींतच होती. १९५६ साली पॉल कार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे नाव सांगितले: जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर अशा माणसांच्या तांबड्या पेशींत फार कमी असते.

हे विकर पेशीचा राखणदार समजा. काही औषधे पेशीवर ताण आणतात. राखणदार जागेवर असेल तर पेशी तो सोसते, नसेल तर फुटते. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीत उतरतो आणि ती काळसर दिसते.

आता आजीच्या माहेराकडे वळू. हे विकर घडवण्याची आज्ञा, म्हणजे जनुक, एक्स या गुणसूत्रावर असते. पुरुषाला एक्स एकच मिळते, आणि तेही आईकडून. त्यावरचे जनुक सदोष असेल, तर त्याला दुसरा आधार नसतो. बाईला दोन एक्स असतात. एक सदोष असले, तर बहुधा दुसरे सावरून घेते, पण नेहमीच पुरेसे नाही. म्हणून उणीव मामात आणि त्याच्या मामात दिसली, आजी मात्र ठणठणीत राहिली. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही उणीव असावी असा अंदाज आहे, आणि जिथे हिवताप पूर्वापार आहे त्याच मुलखांत ती अधिक आढळते.

मग अशा माणसाने औषधच घेऊ नये काय? तसे नाही. रक्ताच्या तपासणीने ही उणीव आधी ओळखता येते. ती सौम्य वा मध्यम असेल, तर रोजच्या गोळीऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरावीक मात्रा देण्याचा मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितला आहे. शिंप्याने माप घेऊन कपडा बेतावा, तसे हे औषध बेतणे आहे.

हीच दृष्टी आता इतर रोगांत येत आहे. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन या औषधाने काहींची कातडी सोलून निघते; त्यामागचे एक जनुक २००४ साली तैवानात सापडले, आणि आता तिथे औषधाआधी ते तपासतात. पण जनुकांची माहिती आजवर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची जमली. ती आपल्याला जशीच्या तशी कशी लागू पडेल? म्हणून आपल्या देशात दहा हजार भारतीयांच्या जनुकांची नोंद करण्याचे काम झाले, आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली. आरंभ चांगला आहे. वाट लांब आहे.

तोवर आपण काय करावे? हिवतापाची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारल्याविना सांगा, की घरात, विशेषतः आईच्या माहेरी, कोणाला औषधाने लघवी काळी वा डोळे पिवळे झाले होते का. गोळ्या चालू असताना तसे दिसले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मात्र नुसत्या भीतीने, किंवा ताप उतरला म्हणून, चौदा दिवसांचे औषध अर्धवट सोडू नका. हिवताप परत येतो.

आणि गुरुजी, बाई, आपल्याला एक विनंती. मुलांच्या आरोग्याची नोंद आपण शाळेत ठेवता. तीत आणखी एक रकाना आखा: ‘कोणते औषध मानवत नाही?’ उत्तर आणायला मुलांना घरी पाठवा, आणि आजीला विचारायला विसरू नका म्हणावे.