फोन दुसऱ्याच्या हाती देताना

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ज्यांचा स्वतःचा छोटा धंदा आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचे आहे. धंदा कोणताही असो, रोपवाटिका, दूध-पनीरचे दुकान, कृषी पर्यटन केंद्र, शेती अवजारांची दुरुस्ती. माल, मजूर आणि भांडवल यांची चिंता तर आहेच. पण गेल्या काही वर्षांत तिच्यात आणखी एक भर पडली आहे, ती फोनची.

नारायणगावच्या पट्ट्यातली टोमॅटोची रोपवाटिका घ्या. मालक सकाळपासून ट्रे भरून घेतोय, कोकोपीट भिजवतोय, गाडी लावून देतोय, आणि खिशातला फोन थांबत नाही. अमुक वाण आहे का? रोप काय भावाने? घरपोच येईल का? हात पुसून तो बोलतो, होकार देतो, आणि लिहून ठेवायचे राहून जाते. रोप तयार व्हायला पंचवीस-तीस दिवस लागतात. म्हणजे आज राहिलेली नोंद महिन्याने उघडकीस येते. शेतकरी बेड पाडून, मल्चिंग अंथरून तयार असतो आणि त्याच्या नावाचे रोपच नसते. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे वीस किलोचे क्रेट २,००० रुपयांच्या घरात गेले होते. अशा हंगामात लागवड आठ-पंधरा दिवसांनी पुढे गेली तर शेतकऱ्याचे किती नुकसान होते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या कामासाठी आता जगभर माणसे नेमली जातात. त्यांना व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. ही व्यक्ती तुमच्या दुकानात येऊन बसत नाही. ती आपल्या घरून, फोन आणि संगणकावर, दिवसातले ठरलेले तास तुमचे बोलण्याचे आणि लिहिण्याचे काम करते. २००७ मध्ये टिमथी फेरिस या अमेरिकी लेखकाच्या ‘द फोर-अवर वर्कवीक’ या पुस्तकाने ही कल्पना घराघरांत नेली. अमेरिकेतले लोक आपली पत्रे आणि भेटींच्या वेळा बंगळुरूत बसलेल्या माणसांकडे सोपवत होते. बंगळुरूहून अमेरिकेतला धंदा सांभाळता येतो, तर ओतूरहून नारायणगावचा नक्कीच सांभाळता येईल.

आणि आपल्या भागाला ही रीत नवी नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकर यांचे हे गाव. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, राहुटीत बसतात, तारीख आणि बिदागी ठरवतात, सुपारी देतात. त्या वेळी फड कुठेतरी दूर गावी तंबू ठोकून खेळ करत असतो आणि राहुटी सांभाळतो फडाचा व्यवस्थापक. कोणती तारीख गेली, कोणती मोकळी आहे, रात्रीचा खेळ संपवून सकाळच्या हजेरीला दुसऱ्या गावी पोहोचता येईल का, हे त्याच्या वहीत असते. चैत्र-वैशाखाच्या यात्रांचा हंगाम या वहीवर उभा असतो. कलावंताने कला सांभाळावी आणि तारखांचा हिशेब विश्वासाच्या माणसाने सांभाळावा, ही वाटणी तमाशाने फार पूर्वी करून ठेवली. रोपवाटिकेच्या किंवा हॉटेलच्या मालकाने तेवढी करायला काय हरकत आहे?

आता काय सोपवायचे. आठवडाभर एक वही जवळ ठेवा आणि आलेला प्रत्येक फोन कशासाठी होता ते एका ओळीत लिहा. बरेचसे प्रश्न तेच तेच निघतील. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून काढा आणि मदतनिसाच्या हाती द्या. बुकिंगची नोंद, ग्राहकाला आठवणीचा संदेश, पुरवठादाराकडे पाठपुरावा, गूगलवरच्या नकाशात दुकानाची वेळ आणि फोटो बदलणे, करसल्लागाराकडे बिले वेळेवर पोहोचवणे, एवढे खुशाल द्या. भाव ठरवणे, उधारी देणे आणि रागावलेल्या ग्राहकाशी बोलणे मात्र स्वतःकडे ठेवा. माल बिघडल्याची तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला मालकाचाच आवाज ऐकायचा असतो आणि तो त्याचा हक्क आहे.

विश्वासाचा प्रश्न सगळ्यांच्या मनात येतो आणि तो रास्त आहे. म्हणून धंद्याचा नंबर वेगळा घ्या, घरचा नंबर त्यात मिसळू नका. व्हॉट्सॲपला मुख्य फोनखेरीज आणखी चार उपकरणे जोडता येतात, त्यातले एक मदतनिसाकडे राहू द्या. पण जोडलेल्या उपकरणावर त्या नंबरवरची सगळी बोलणी दिसतात, हे ध्यानात असू द्या. गूगलवरच्या दुकानाच्या नोंदीसाठी पासवर्ड द्यावा लागत नाही, व्यवस्थापक म्हणून त्या व्यक्तीचे नाव जोडता येते आणि काम थांबले की काढताही येते. यूपीआयचा पिन आणि ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही, तेव्हा मदतनिसाला तो माहीत असण्याचे कारण उरत नाही. ग्राहकाने पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. ॲडव्हान्स जमा झाला का, हे तुम्ही स्वतः खात्यात पाहा आणि मगच बुकिंग पक्के करायला सांगा. कधी फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.

माणूस कुठे शोधायचा? माझे मत विचाराल तर आपल्याच तालुक्यात. ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयातून, मंचरच्या अण्णासाहेब आवटे महाविद्यालयातून दर वर्षी मुली पदवी घेऊन बाहेर पडतात. लग्न होते, मूल लहान असते, रोज पुण्याला जाणे-येणे जमत नाही, आणि शिक्षण घरात पडून राहते. यातली एखादी ताई फोनवर बसली तर तिला आणे पठाराचे पाणी आणि येडगावच्या बागायतीचे पाणी यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. कुकडीचे आवर्तन सुटले की रोपांची मागणी वाढणार, हे ती आधीच ओळखते. समोरच्याला ‘बोला दादा’ म्हणायचे की ‘मामा’, हेही तिला आवाजावरून कळते. मुंबई-पुण्याच्या कंपनीकडून हे मिळणार नाही.

पण तिला मोबदला नीट द्या. ‘घरी बसून तर करायचे आहे’ असे म्हणून महिन्याकाठी चार पैसे टेकवायचे, हे मला पटत नाही. तास ठरवा, रक्कम ठरवा, सुट्टीचे दिवस ठरवा आणि कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. फोनचे रिचार्ज धंद्याच्या खर्चातून करा. ठरलेल्या वेळेनंतर, रात्री दहाला, तिला फोन लावू नका. तिच्याही घरी चूल आहे, अभ्यासाला बसलेली मुले आहेत. पहिला महिना रोज संध्याकाळी दहा मिनिटे दोघांनी नोंदवही पाहावी, आज काय विचारले गेले, कुठे अडले. नंतर आठवड्यातून एकदा पुरते.

माझ्या मते या मदतीची सर्वांत मोठी निकड आहे ती आपल्या पश्चिम पट्ट्यात. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाटाकडची गावे. तिथे आदिवासी कुटुंबे पर्यटकांची राहण्या-जेवणाची सोय करू लागली आहेत. पावसाळ्यात शहरातली माणसे धुके आणि धबधबे पाहायला येतात, आणि नेमकी त्याच दिवसांत भाताची आवणी असते. घरातले सगळे गुडघाभर चिखलात. त्यातून डोंगराआड फोनला रेंज नाही. पर्यटक दोनदा फोन लावतो, लागत नाही, मग तो दुसरीकडे जातो. तेच बुकिंग रेंज असलेल्या घोडेगावातली एखादी ताई पाच-सहा घरांसाठी मिळून घेऊ शकते. खर्च वाटला जाईल, एक घर भरले तर ती पाहुण्यांना शेजारच्या घरी पाठवेल. रस्ता सुरू आहे का, गाडी कुठपर्यंत जाते, जेवण किती माणसांचे, हे ठरवून ती संध्याकाळच्या एसटीबरोबर चिठ्ठी पाठवेल किंवा रेंजच्या टेपावर येणाऱ्या मुलाला निरोप देईल. अशी व्यवस्था उभी करायची तर माणूस मे महिन्यातच ठरवा. एकदा पाऊस लागला की शिकवायला आणि शिकायला कोणालाच उसंत नसते.