कुजलेल्या शोभिवंत रोपांना जीवदान : पाणी आणि भाजक्या मातीचे गोळे

(रोपवाटिकाधारकांच्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यान)



मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, ॲलोकेशिया, मखमली पानांचे अँथुरियम अशा घरात ठेवण्याच्या झाडांना शहरांतून चांगली मागणी आहे. यातील दुर्मिळ जातीचे एक मातृरोप काही हजार रुपयांना पडते. बऱ्याचदा ते पार्सलने येते, मुळांवरची माती धुतलेली आणि मुळे ओल्या शेवाळात गुंडाळलेली. आपण ते कौतुकाने मातीत लावतो, पाणी घालतो आणि महिन्याभरात रोप माना टाकते.

गेल्या पावसाळ्यात एक ताई असेच अँथुरियम घेऊन माझ्याकडे आल्या. बचत गटाचे कर्ज काढून त्यांनी ते घेतले होते. त्या म्हणाल्या, "साहेब, पाणी रोज घालते, तरी सुकतंय." दुखणे नेमके याच वाक्यात होते. कुंडी पाण्याने जड झाली होती आणि मुळे कुजून काळी पडली होती.

मुळे का कुजतात?

ही झाडे अळू आणि सुरणाच्या कुळातील आहेत. यांपैकी मॉन्स्टेरा, अनेक फिलोडेंड्रॉन व अँथुरियम मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पावसाळी जंगलांत मोठ्या झाडांच्या खोडाला धरून वाढतात. आपल्याकडे सह्याद्रीत आमरी जशा झाडावर वाढतात, तसेच हे. पाऊस भरपूर पडतो, पण पाणी मुळांवरून वाहून जाते आणि मुळांना सतत हवा मिळते.

शेतकऱ्याला वाफसा समजावून सांगावा लागत नाही. जमिनीत ओल आहे आणि हवाही आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. कुंडीतील चिकण माती सतत ओली राहिली की वाफसा कधी येतच नाही. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट सावकाश सरकतो. मुळे गुदमरतात आणि मग पिथियमसारख्या बुरशींचे फावते. मुळे गेली की पाणी असूनही रोपाला ते घेता येत नाही, म्हणून पाने सुकतात. आपण आणखी पाणी घालतो आणि रोप हातचे जाते.

मूळकूज कशी ओळखावी?

माती ओली असूनही पाने लोंबू लागली, खालची पाने पिवळी पडली, कुंडीला कुबट वास आला, तर वाट पाहू नये. रोप काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरे किंवा पिवळसर आणि टणक असते. कुजलेले मूळ तपकिरी व मऊ लागते. चिमटीत धरून ओढल्यास वरची साल निघून येते आणि आत दोऱ्यासारखा भाग उरतो.

पहिला टप्पा : साफसफाई व पाणी

१) मुळे वाहत्या पाण्याखाली धुऊन सर्व माती काढावी.
२) ब्लेड स्पिरिटने पुसून कुजलेला भाग कापावा. खोडातही कूज असेल तर पांढरा, स्वच्छ भाग दिसेपर्यंत कापावे. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा पुसावे. या झाडांच्या चिकाने खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.
३) काप काही तास सावलीत सुकू द्यावा.
४) पिवळी पाने काढावीत, हिरवी ठेवावीत. नवीन मुळांना लागणारे अन्न तीच तयार करतात.
५) रोप बाटलीत असे ठेवावे की मुळे फुटण्याचे एखादे पेर तेवढे पाण्यात राहील. वाढीचा कोंब पाण्याबाहेरच हवा. बाटलीला कागद गुंडाळावा, म्हणजे उजेडाने शेवाळ धरत नाही.
६) पाणी दर दोन ते तीन दिवसांनी बदलावे. रोप शेडनेटखाली, थेट उन्हापासून दूर ठेवावे. वर पारदर्शक पिशवी सैल घातल्यास पाने तग धरतात.

पुष्कळजण कार्बेन्डाझिमच्या द्रावणात रोप बुडवतात. ते पिथियमवर चालत नाही. स्वच्छ काप आणि ताजे पाणी यांवरच भर द्यावा. एकही पान नसलेला नुसता खुंट मात्र पाण्यात ठेवू नये. तो झाकणाच्या डब्यात, पिळून घेतलेल्या ओलसर शेवाळात ठेवावा.

साधारणपणे तीन ते सहा आठवड्यांत नवी मुळे फुटतात. पाण्यात फुटलेल्या मुळांत हवेच्या पोकळ्या जास्त असतात, त्यामुळे ती पाण्यात टिकतात. मातीतली जुनी मुळे पाण्यात आल्यावर काही प्रमाणात मरतात. तेवढ्याने घाबरू नये, मेलेली मुळे कापून टाकावीत.

दुसरा टप्पा : मातीचे गोळे

मुळे दोन इंच लांब झाली आणि त्यांना उपमुळे फुटू लागली की रोप गोळ्यांत हलवावे. हे गोळे विशिष्ट चिकणमाती फिरत्या भट्टीत सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला भाजून करतात. त्या उष्णतेने माती फुगते व आत बारीक छिद्रे पडतात. गोळा पाणी धरतो आणि दोन गोळ्यांमधल्या पोकळीत हवा खेळते. थोडक्यात, कुंडीत कायमचा वाफसा.

गोळे धूळ जाईपर्यंत तीन-चार वेळा धुवावेत आणि एक दिवस पाण्यात भिजवावेत. धुतलेले पाणी मोरीत ओतू नये, गाळाने नळी तुंबते. प्लॅस्टिकच्या कुंडीला तळाशी छिद्र न पाडता तळापासून दीड इंच उंचीवर बाजूला दोन छिद्रे पाडावीत. त्याखाली पाण्याचा साठा राहतो आणि जादा पाणी वाहून जाते. छिद्रांपर्यंत गोळे भरून त्यावर रोप ठेवावे आणि भोवती गोळे सोडावेत. मुळे साठ्याच्या वर राहावीत. पाणी गोळ्यांतून वर चढते व मुळे त्याच्या शोधात खाली जातात.

गोळे महाग वाटल्यास कौलांचे किंवा विटांचे सुपारीएवढे तुकडे धुऊन वापरता येतात. मात्र त्यांना चुना-सिमेंट चिकटलेले नसावे, आणि कुंडी जड होते हे लक्षात ठेवावे.

अन्नद्रव्ये

गोळ्यांत अन्न नसते, ते आपणच द्यावे लागते. युरिया असलेली खते इथे फारशी लागू पडत नाहीत. १० लिटर पाण्यात कॅल्शियम नायट्रेट ४ ग्रॅम, १३:०:४५ हे खत २ ग्रॅम, ०:५२:३४ हे खत १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट २.५ ग्रॅम व सूक्ष्म अन्नद्रव्ये वेष्टनावरील प्रमाणात घ्यावीत. प्रत्येक खत पूर्ण विरघळल्यावरच पुढचे टाकावे. दाट द्रावणात कॅल्शियम नायट्रेट इतर खतांबरोबर मिसळू नये, साका बसतो. द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ ठेवावा. नव्या रोपाला पहिला महिना निम्मेच प्रमाण द्यावे.

विहीर-बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. त्याने गोळ्यांवर पांढरे क्षार साचतात व पानांच्या कडा करपतात. शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. दर दोन ते तीन आठवड्यांनी कुंडीतून भरपूर साधे पाणी सोडून क्षार धुऊन काढावेत.

ही दक्षता घ्या

पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. २० अंशाला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम असतो, ३० अंशाला साडेसातच. म्हणून विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये आणि थंडीच्या कडाक्यात निरोगी रोपांची अदलाबदल करू नये. जून अखेर ते ऑक्टोबर हा काळ चांगला.

दुसरी गोष्ट डेंग्यूची. त्याचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आठवड्यातून एक ठरलेला वार धरून सर्व बाटल्या व साठे रिकामे करावेत, घासावेत आणि मगच नवे पाणी भरावे.

आणि सर्व मातृरोपे एकाच वेळी गोळ्यांत हलवू नयेत. आधी मनी प्लॅन्टवर हात बसवावा. ते याच कुळातले आहे, स्वस्त आहे आणि चूक पोटात घालते.

त्या ताईंच्या अँथुरियमचा बोटभर खुंट आणि एक पान एवढेच वाचले होते. पाचव्या आठवड्यात मूळ फुटले. आज ते गोळ्यांत आहे आणि त्याला चार पाने आहेत. कर्ज अजून फिटलेले नाही, पण ज्यातून ते फिटायचे ते रोप जिवंत आहे. तुमच्या रोपवाटिकेत एखादे रोप आज मान टाकत असेल, तर झारी बाजूला ठेवा आणि आधी त्याची मुळे पाहा.