थांबण्याचें शिक्षण

मार्गशीर्षांत दत्तजयंतीस नृसिंहवाडीकडे यात्रेकरू पायीं निघतात; उसाच्या गाड्याही त्याच हंगामांत रस्त्यावर असतात. अशा गर्दींत ताशी ६० किलोमीटर वेगाच्या दुचाकीस्वारास ब्रेक लावण्यास एक सेकंद लागला, तरी तेवढ्यांत तो सुमारें १७ मीटर पुढें गेलेला असतो.

भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. त्यांत शेंकडा ४४ दुचाकीवरचीं, शेंकडा १९ पायीं चालणारीं होतीं. शिरस्त्राण मागें बसणारासही कायद्यानें सक्तीचें आहे. परंतु तें आघात सोसतें, टाळीत नाहीं. ब्रेक लावतांच भार पुढच्या चाकावर येतो. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पण बेतानें लावण्याचा सराव परवान्यापूर्वीं मोकळ्या मैदानावर करवून घ्यावा. पादचाऱ्यांसही रस्त्याच्या कडेस हक्काची वाट मिळावी. कारण रस्ता त्यांचाही आहे.