घराने ठरवलेला शब्द



घरात कुत्र्याचं पिल्लू आणायचं ठरलं, की आपण आधी पट्टा आणतो, साखळी आणतो. नाव काय ठेवायचं यावर दोन दिवस वाद घालतो. घरातली माणसं त्याच्याशी कोणत्या शब्दांत बोलणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. त्याचं शिक्षण तर तिथूनच सुरू होतं.

आमच्याकडे मोती आला तेव्हा दोन महिन्यांचा होता. गावठी, तांबूस रंगाचा. त्याहून लहान पिल्लू आईपासून तोडू नये. दात किती जोराने लावायचा, हे ते आईकडून आणि भावंडांकडूनच शिकतं. आल्याबरोबर त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आधी जंताचं औषध, मग पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने तिचे पुढचे डोस आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस. यात चालढकल करू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. खेळताना पिल्लाचा दात लागून रक्त आलं, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, चुना काही लावायचं नाही.

आता घरातली गोष्ट. माझी अम्मी पाच वेळा नमाज पढते. आमच्याकडे कुत्र्याची लाळ नापाक मानतात. ती कपड्याला लागली, तर कपडा धुतल्याशिवाय त्यावर नमाज होत नाही. पिल्लाला ती नाही म्हणाली नाही, पण अट घातली. मोतीने व्हरांड्यात राहायचं, उंबरठा ओलांडायचा नाही. नातवाला ते पटेना. दुपारी अम्मीचा डोळा लागला, की तो मोतीला हळूच आत घ्यायचा. संध्याकाळी तेच पिल्लू आपणहून आत आलं, की त्याला ओरडा बसायचा. ‘कधीतरी चालतं’ हे माणसाला कळतं, कुत्र्याला नाही. काल चाललेली गोष्ट आज का चालत नाही, या गोंधळात ते घाबरट तरी होतं, नाहीतर हट्टी तरी.

शेवटी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवलं, की उंबरठ्याचा नियम एकच, दुपारीही आणि रात्रीही. नातवाने त्याच्याशी खेळायचं, पण बाहेर बसून. मोती उंबरठ्यापाशी थांबला, की त्याच क्षणी शाबासकी आणि उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा, बिनहाडाचा. शिजवलेलं हाड मोडून आतड्यात रुतू शकतं. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळालं, तरच ते कशासाठी होतं हे पिल्लाला समजतं. शिक्षेचंही तसंच आहे. तासाभरापूर्वी केलेल्या घाणीवर नाक घासलं, तर ते एवढंच शिकतं, की हा माणूस अधूनमधून पिसाळतो. त्यापेक्षा झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ संपल्यावर लगेच त्याला अंगणात न्यावं. दोन महिन्यांचं पिल्लू जेमतेम दोन तास धरू शकतं.

मग निघाला भाषेचा प्रश्न. मी मराठीत कविता लिहितो. अम्मीशी बोलणं दखनीत. मी मोतीला म्हणायचो ‘बस’, अम्मी म्हणायची ‘बैठ’ आणि नातू म्हणायचा ‘सिट’. एकदा सून अम्मीच्या ताटात भात वाढत होती. अम्मी म्हणाली, ‘बस, बस!’ आणि उंबरठ्यापलीकडे मोती टुणकन खाली बसला. अम्मी हसत म्हणाली, ‘तेरेकू कौन बोल्या रे?’ तिच्या भाषेत ‘बस’ म्हणजे पुरे. आमच्या घरात तो शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारला जातो. म्हणून मोतीसाठी ‘बैठ’ हाच शब्द ठरला. दोन भाषा मी जन्मभर एकत्र नांदवल्या, पण एका शब्दाचे दोन अर्थ मोतीवर लादण्यात काही अर्थ नव्हता.

तीन आठवड्यांत मोती उंबरठा ओळखू लागला. अम्मी शुक्रवारी कुरआनातली सूरह कहफ पढते. तीत गुहेत झोपी गेलेल्या तरुणांची कथा आहे. त्यांच्यासोबत त्यांचा कुत्राही आहे, गुहेच्या उंबरठ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला. हल्ली अम्मी पढायला बसली, की मोती दाराबाहेर तसाच पसरलेला असतो. त्याच्या पाण्याचं भांडं आता तीच भरून ठेवते.

तुमच्या घरातली अट वेगळी असेल. कुणाला सोफ्यावर नको असेल, कुणाला देवघरात. पिल्लू दोन्ही पाळेल. फक्त ते घरी आणण्याआधी सगळ्यांनी बसून नियम ठरवा, शब्द ठरवा. कुत्रं दहा-पंधरा वर्षं आपल्याबरोबर राहतं. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, तर त्याला फिरवणार कोण, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका.