चंचल मुलांचे संगोपन : घराची बाब की समाजाची?

(पक्षाच्या कार्यकर्ता-शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संघटना आणि निवडणुका यांच्या चर्चेसाठी भरलेल्या शिबिरात मुलांच्या संगोपनाचा विषय ठेवला, याचे काहींना नवल वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे आपले प्रश्न. मूल जागेवर बसत नाही, अभ्यासात त्याचे लक्ष लागत नाही, शाळेतून रोज तक्रार येते, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. ती समजूत तपासून पाहणे हा या विवेचनाचा हेतू आहे. जो प्रश्न लक्षावधी घरांत एकाच वेळी उभा असतो आणि प्रत्येक घर जो शरमेने झाकून एकट्याने सोडवू पाहते, त्याला खाजगी म्हणणे ही समाजाने स्वतःची करून घेतलेली सोय होय.

प्रथम, ही मुले कोणती ते स्पष्ट केले पाहिजे. प्रत्येक खोडकर मूल येथे अभिप्रेत नाही. वैद्यकशास्त्र ज्या अवस्थेला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणते आणि जी अलीकडे ‘एडीएचडी’ या आद्याक्षरांनी सुशिक्षित घरांत परिचित झाली आहे, तिच्या निदानाला कडक अटी आहेत. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली हवीत. ती निदान सहा महिने टिकलेली हवीत. केवळ घरी अथवा केवळ शाळेत नव्हे, तर दोन्हीकडे दिसावयास हवीत. आणि त्यांच्यामुळे मुलाच्या शिक्षणात किंवा लोकांशी असलेल्या संबंधांत खरोखर बाधा यावयास हवी. अशा मुलाला सूचना ऐकू येते, पण ती पुरी होईपर्यंत मनात टिकत नाही. रांगेत त्याला थांबवत नाही, वही-पेन्सिल रोज हरवते, हात उचलल्यावर विचार येतो. काही मुलांत याच्या जोडीला हट्टी, विरोधी वर्तन असते, तर काहींत अध्ययन-अक्षमता. काही मुले, विशेषतः मुली, मुळीच धडपड करीत नाहीत. त्या खिडकीबाहेर पाहत गप्प बसतात आणि म्हणून कोणाच्याच लक्षात येत नाहीत.

हे सारे पाश्चात्त्य मध्यमवर्गाचे नवे खूळ आहे, असा आक्षेप पुरोगामी वर्तुळातही ऐकू येतो. तो इतिहासाला धरून नाही. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन आपल्या व्याख्यानांत केले. बुद्धी शाबूत असूनही या मुलांना स्वतःला आवरता येत नाही, हे त्यांनी अचूक टिपले. मात्र त्याला त्यांनी नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ही अवस्था १९६८ साली एका नावाने आली, १९८० साली दुसऱ्या आणि १९८७ साली आजच्या नावाने. नावे बदलली, पण स्टिल यांच्या शब्दातला नैतिक ठपका समाजाच्या मनातून गेला नाही. फरक एवढाच की तो ठपका आता मुलाबरोबर त्याच्या आईवरही ठेवला जातो : ‘वळण लावले नाही.’

शास्त्र या ठपक्याला दुजोरा देत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून असे दिसते की, या बाबतीत मुलामुलांत जो फरक आढळतो त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग आनुवंशिक असतो. उरलेल्या भागात अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतःचे कमी वजन, शिशासारख्या विषारी धातूचा संसर्ग ही कारणे येतात, आणि येथे अर्थशास्त्राचा दरवाजा उघडतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे आपल्या देशात वजन नोंदल्या गेलेल्या नवजात बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असतात आणि गरोदर स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. म्हणजे जी जोखीम दैवाची मानली जाते, तिचा काही हिस्सा दारिद्र्याने घडविलेला असतो. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २००७ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे शाळकरी वयात हे प्रमाण सुमारे ५ टक्के आहे. चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन मुले, असा त्याचा अर्थ.

आता घरात काय घडते ते पाहू. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटर्सन यांनी अशा कुटुंबांचे घरी जाऊन निरीक्षण केले आणि एक चक्र दाखवून दिले. आई काही सांगते. मूल ऐकत नाही. ती आवाज चढविते. मूल त्याहून मोठा आकांत करते. अखेर थकून आई माघार घेते. आकांताने काम होते हे मूल शिकते. दुसऱ्या दिवशी आई माघारीऐवजी हात उगारते. मूल क्षणभर गप्प बसते. माराने काम होते हे आई शिकते. दोघेही परस्परांना हिंसेचे धडे देत राहतात आणि त्यात दुष्ट कोणीच नसते.

हे चक्र तोडण्याच्या रीती आज माहीत आहेत व त्या अवघड शब्दांत सांगण्याची गरज नाही. ‘दप्तर भर, डबा घे, पाणी भरून घे आणि लवकर चल’ अशी चार कामे एका दमात न सांगता, मुलाजवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून, एकच काम सांगावे व ते झाल्यावर दुसरे. उठणे, जेवणे, झोपणे यांची वेळ शक्यतो ठरलेली असावी. मूल पाच मिनिटे स्वस्थ बसले तर त्याच क्षणी त्याची दखल घ्यावी. संध्याकाळी केलेल्या कौतुकाचा अशा मुलाला उपयोग नसतो. नियम थोडे असावेत, पण ते आज एक व उद्या एक असे नसावेत. नियम मोडल्यास शिक्षा सौम्य, ताबडतोब आणि ठरलेली असावी. मार, उपाशी ठेवणे, चारचौघांत अपमान, हे वर्ज्य. लहान वयात तर आईवडिलांचे असे प्रशिक्षण हाच पहिला उपचार मानला जातो.

हा सल्ला कागदावर फुकट आहे. प्रत्यक्षात तो फार महाग आहे. त्याची किंमत वेळात आणि शांत चित्तात मोजावी लागते, आणि आपल्या समाजात या दोन वस्तूंची वाटणी जमिनीइतकीच विषम आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर पाहणीत, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के स्त्रिया बिनमोबदला घरकाम करताना आढळल्या आणि त्यात त्यांची रोजची सरासरी २९९ मिनिटे खर्ची पडत होती. पुरुषांत हे काम करणारे अवघे २६ टक्के, आणि त्यांचाही वेळ ९७ मिनिटे. मुलाबाळांचा व आजाऱ्यांचा सांभाळ करणाऱ्यांत स्त्रियांना त्यासाठी १३४ मिनिटे लागत होती, पुरुषांना ७६. जी स्त्री चार घरची धुणीभांडी करून रात्री आठला परतते, जिच्या एका खोलीत पाच माणसे झोपतात आणि जिचा नवरा दुसऱ्या पाळीला असतो, तिने मुलाच्या डोळ्यांत पाहून शांतपणे एक-एक सूचना द्यावी, असे सांगणे सोपे आहे. मार हा तिच्या अज्ञानाचा पुरावा नसून बहुतेक वेळा तिच्या थकव्याचा पुरावा असतो.

अमर्त्य सेन यांनी दिव्यांगांविषयी लिहिताना एक महत्त्वाचा भेद केला आहे. अशा व्यक्तीला मिळकत कमी मिळते ही एक अडचण. परंतु मिळालेल्या पैशाचे जगण्यात रूपांतर करावयास तिला इतरांहून अधिक साधने लागतात, ही दुसरी व अधिक मोठी अडचण. चंचल मुलाच्या घराला हे तंतोतंत लागू पडते. शेजारच्या घराइतकेच उत्पन्न असूनही हे घर अधिक गरीब असते. कारण त्याला शिकवणी लागते, हरवलेल्या-मोडलेल्या वस्तू पुन्हा घ्याव्या लागतात, दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी रोज बुडवावा लागतो आणि पुष्कळदा आईला नोकरी सोडावी लागते. आपले दारिद्र्याचे कोणतेही कोष्टक हा खर्च मोजत नाही.

औषधांच्या प्रश्नाकडेही पूर्वग्रह सोडून पाहावयास हवे. १९३७ साली अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली यांना, उत्तेजक औषधाने अशी मुले उलट शांत व एकाग्र होतात असे आढळले. त्याच देशात १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५७९ मुलांना १४ महिने निरनिराळे उपचार देण्यात आले. मुख्य लक्षणांवर, काळजीपूर्वक दिलेल्या व वेळोवेळी तपासलेल्या औषधाचा परिणाम केवळ वर्तन-उपचारांहून अधिक दिसला. मात्र तीन वर्षांनी पाहता गटागटांतील हा फरक उरला नव्हता. औषध उपयोगी आहे, परंतु ते एकट्याने आयुष्य घडवीत नाही, एवढा निष्कर्ष यातून काढता येतो. औषध कंपन्यांच्या नफेखोरीविषयी आपला संशय रास्त आहे. तथापि त्या संशयापोटी औषधच नाकारणे म्हणजे समाजवाद नव्हे. मेथिलफेनिडेट हे औषध आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येते व तज्ज्ञाच्या चिठ्ठीवाचून मिळू शकत नाही. देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते शहरांत. तेव्हा गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या मुलाला औषधाच्या अतिरेकाचे भय नाही; त्याच्यापर्यंत निदानच पोहोचत नाही.

याच्या उलट धोकाही ध्यानात ठेवला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर बीडचे मूल फडावर जाते आणि वसंत ऋतू सरल्यावर परतते. ते वर्गात अस्वस्थ असेल, तर त्याला आजाराचे नाव देण्यापूर्वी त्याची झोप, त्याचे पोट, त्याचे कान-डोळे आणि त्याचे बुडालेले सहा महिने तपासावेत. विषमतेने केलेल्या जखमेवर वैद्यकीय चिठ्ठी चिकटविणे हीही एक फसवणूकच. दोन्ही चुका टाळावयाच्या तर मुलाला पाहणारी प्रशिक्षित माणसे तालुक्यापर्यंत असली पाहिजेत.

शासन येथे काय करते? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व सरकारी शाळांतील मुलांची एकदा तपासणी करावयाची आहे. ज्या अवस्था शोधावयाच्या त्यांच्या यादीत अतिचंचलतेचा उल्लेख आहे, आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. परंतु २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, त्यांत स्वमग्नता आली, अध्ययन-अक्षमता आली. अतिचंचलता आली नाही. महाराष्ट्राने अध्ययन-अक्षम मुलांना शालेय परीक्षांत सवलती देण्याचा निर्णय १९९६ सालीच घेतला होता. तो मार्ग केवळ अतिचंचल असलेल्या मुलाला त्या कायद्याने आपोआप खुला होत नाही. सरकारचा एक विभाग मुलाला शोधून काढतो आणि दुसरा त्याला ओळख दाखवीत नाही, अशी ही विसंगती आहे.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ या बाबतीत अधिक उपयोगी आहे. त्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई करते. कलम १६ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पुरी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली, काढून टाकण्याची नव्हे. ‘तुमचे मूल आम्हाला झेपत नाही, दाखला घेऊन जा’ असे जेव्हा पालकांना सांगितले जाते, तेव्हा ते कायद्याविरुद्ध असते, हे किती पालकांना ठाऊक आहे?

या महाराष्ट्राला मुलाजवळ जाणारी शाळा नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला, वारली मुले शाळेत येत नाहीत असे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात नेली. मूल शाळेत बसत नसेल तर शाळेने आपली बैठक बदलावी, हा त्यामागचा विचार होता. चंचल मुलाला पुढच्या बाकावर बसविणे, दर वीस मिनिटांनी उठून फळा पुसण्याचे काम देणे, लांब गृहपाठाचे तुकडे करणे, हा त्याच विचाराचा लहानसा विस्तार आहे. त्यासाठी वर्गात साठ मुले नसावीत आणि शिक्षकाला शिक्षणेतर कामांना जुंपू नये, हे ओघाने आलेच.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? अनुदानित व सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समित्यांत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया. या समित्यांत हा प्रश्न मांडावा. आपल्या जिल्ह्यातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत, याची माहिती माहितीच्या अधिकारात मागवावी. अंगणवाडी सेविका व आशा यांना पालक-प्रशिक्षणाचे शिक्षण मिळावे, परंतु ते तुटपुंज्या मानधनावर आणखी एक ओझे म्हणून नव्हे, वेतनासह मिळावे, ही मागणी त्यांच्या संघटनांबरोबर करावी. अतिचंचलतेची तीव्रता पाहून तिला दिव्यांग कायद्यात स्थान मिळावे, यासाठी विधिमंडळात व संसदेत आवाज उठवावा. आणि वस्तीवस्तीत अशा पालकांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवावे. आपण एकटे नाही, हे कळले तरी मारणारा हात पुष्कळदा खाली येतो.

शेवटी एक कटू गोष्ट. चळवळीतील पुरुषाने जगाचे संगोपन करावे आणि त्याच्या घरचे संगोपन बायकोने करावे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. मोर्चे आणि बैठका संपवून मध्यरात्री घरी येणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्या मुलाच्या वर्गशिक्षकांचे नाव माहीत नसते, आणि मूल हाताबाहेर गेले की तोही ‘वळण लावले नाही’ असेच म्हणतो. वेळेच्या वाटणीतील विषमता घरात पोसून ती समाजातून घालविता येणार नाही. या शिबिरातून परतल्यावर प्रत्येकाने आठवड्यातील दोन संध्याकाळी घरच्या मुलांसाठी राखून ठेवल्या आणि आपल्या भागातील एका शाळेत जाऊन तेथील चंचल मुलांची वास्तपुस्त केली, तरी या चर्चेचे सार्थक झाले असे म्हणता येईल.