मुलींचे मैदान

आठ-नऊ वर्षांची मुलगी लंगडी खेळताना थकत नाही. तीच मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी मैदानाच्या कडेला मैत्रिणींची दप्तरे सांभाळीत उभी राहते. ‘आता ती मोठी झाली’ असे म्हणून घरची मंडळी हा बदल निसर्गाच्या माथी मारतात. परंतु यात निसर्गाचा भाग किती आणि शाळेचा किती, हे पाहणे अगत्याचे आहे.

या वयात रोज निदान ६० मिनिटे अंगमेहनत घडावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. १४६ देशांतील ११ ते १७ वर्षांच्या विद्यार्थ्यांविषयी तिने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला हिशेब असा की, २०१६ मध्ये ७८ टक्के मुलगे आणि ८५ टक्के मुली एवढीही हालचाल करीत नव्हत्या. आणि हेच तर हाडे भक्कम होण्याचे वय! प्रौढपणीच्या हाडांतील खनिजांचा सुमारे चौथा हिस्सा झपाट्याने उंची वाढण्याच्या सुमारास, अवघ्या दोन वर्षांत साठतो.

आता शाळेकडे वळावे. मधल्या सुटीत मुलांचे क्रिकेट सारे मैदान व्यापते. मुलींच्या वाट्यास भिंतीकडेची पट्टी येते. ओढणी सावरावी की चेंडू, असा पेच गणवेश निर्माण करतो. स्वच्छ शौचगृह व पाणी नसेल, तर पाळीच्या दिवसांत खेळाचा तास टाळण्यावाचून गत्यंतर नसते. परीक्षा जवळ आली की तोच तास प्रथम गणिताच्या स्वाधीन होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने क्रीडांगण व मुलींसाठी स्वतंत्र शौचगृह आवश्यक ठरविले. तथापि मैदान असणे निराळे आणि ते मुलींचे असणे निराळे.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. काही दिवस मैदान मुलींसाठी राखावे, धावता येईल असा पोशाख द्यावा, खेळ निवडण्याची मुभा त्यांना असावी. खो-खोला दोन खांब व मोकळी जमीन पुरते. याच खेळाच्या पहिल्या विश्वचषकात, जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे, प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला विजयी झाल्या.

मात्र एखादी विजेती घडली म्हणजे शाळेचे कर्तव्य संपले असे नव्हे. जिला संघात कधीच स्थान मिळणार नाही, त्या मुलीचे पायही धुळीने माखले पाहिजेत. म्हणून मुलगी घरी आली की ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाआधी पालकांनी ‘आज काय खेळलीस?’ असे विचारावे. आणि उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न शाळेस करावा.